हरमलच्या बिया, सातशे टक्के आणि लेकीचं इन्सुलिन

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारांनी मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मॅडम, माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. सहाव्या वर्षी टाइप १ डायबेटीस निघाला, तेव्हापासून रोज चार इंजेक्शनं. परवा एकानं बातमी दाखवली, हरमल नावाच्या झाडातल्या औषधानं इन्सुलिनच्या पेशी सातशे टक्के वाढल्या म्हणून. बाजारात एक जण हरमलच्या बियांचा काढा देतोय. म्हणतो, तीन महिने घ्या आणि इन्सुलिन निम्मं करा. यात खरं किती? माझ्या वडिलांना बारा वर्षं शुगर आहे, त्यांना हे चालेल का? आणि पोरगी मला विचारते, माझ्या पेशी मेल्यात का झोपल्यात?"

दादा, बाकी सगळं नंतर वाचलंत तरी चालेल, पण हे आत्ता वाचा. तो काढा मुलीला देऊ नका आणि इन्सुलिन एक युनिटनंही कमी करू नका. टाइप १ मध्ये इन्सुलिन तुटलं की शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात कीटोन नावाची आम्लं साठतात. पोट दुखतं, उलट्या होतात, श्वास जोरजोरात चालतो, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो. एक-दोन दिवसांत मूल बेशुद्ध पडू शकतं. आता यातली खरी भीती ऐका. हरमलच्या बियांनीसुद्धा उलट्याच होतात. म्हणजे मुलीला उलटी झाली तर तुम्हाला वाटणार, काढा लागू पडतोय, पोट साफ होतंय. आणि त्या गैरसमजात दवाखाना गाठायचे तास निघून जातील. काढा आधीच दिला असेल तर आज संध्याकाळपर्यंत लघवीतले कीटोन तपासा. पट्ट्या औषधाच्या दुकानात मिळतात. डॉक्टरांनाही काय दिलं ते स्पष्ट सांगा, लपवू नका.

मी डॉक्टर नाही. बावीस वर्षं पुण्यात औषधशोधाच्या प्रयोगशाळेत काढली, त्यातली नऊ फक्त स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर. आता सांगलीत फार्मसीच्या मुलांना शिकवते. इन्सुलिन किती द्यायचं हे मिरजेचे तुमचे डॉक्टर ठरवतील, त्यात मी पडणार नाही. पण ती बातमी कुठून आली आणि तिच्यात काय आहे, हे मात्र मला सांगता येईल. हेच काम मी वर्षानुवर्षं जवळून पाहिलंय.

बातमी खोटी नाही, हे आधी मान्य करते. २०१५ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय संस्थेत अँड्र्यू स्ट्युअर्ट आणि पेंग वांग यांच्या गटानं एक लाखाहून जास्त रसायनं चाळली. मानवी पेशींमध्ये काजव्याच्या प्रकाशाचं जनुक असं बसवलं होतं, की पेशी वाढायच्या तयारीला लागली की चमकावी. एवढ्या ढिगातून माणसाच्या बीटा पेशींना खरोखर विभागायला लावणारं एकच घराणं हाती लागलं, हार्मिनचं. हार्मिन हरमलच्या बियांत असतं. ते डीवायआरके१ए नावाच्या एका विकराला (एन्झाइमला) अडवतं, आणि हे विकर म्हणजे बीटा पेशीच्या वाढीवरचा ब्रेक.

एक लाखातून एक. हा आकडा सोडून पुढं जाऊ नका, कारण पेशी वाढवणं का अवघड आहे ते त्यातच आहे. बाळाच्या पहिल्या वर्षा-दोन वर्षांत बीटा पेशी भराभर विभागतात. मग मंदावतात, आणि मोठ्या माणसात कोणत्याही क्षणी हजारात एक-दोनच पेशी विभागताना सापडतात. उंदराच्या पेशी मात्र ऐकतात. थोडं डिवचलं, गाभण ठेवलं, जाडं केलं, की वाढतात. म्हणून गेल्या तीस वर्षांत बीटा पेशी वाढवणारी औषधं उंदरात ढिगानं सापडली आणि माणसात एकेक करून गळाली.

आमच्याकडचीच गोष्ट सांगते. तळहाताएवढ्या प्लेटमध्ये ३८४ खाचा असतात. प्रत्येक खाचेत थोड्या पेशी, प्रत्येकीत वेगळा रेणू, आणि यंत्र रात्रभर फोटो काढत बसतं. एका उन्हाळ्यात एका रेणूनं आयएनएस-१ या पेशींची वाढ जवळजवळ दुप्पट केली. आधी आम्ही विश्वासच ठेवला नाही. कडेच्या खाचांतलं पाणी लवकर उडतं, त्यानं फसवे आकडे येतात. काही रेणू स्वतःच चमकतात, त्यानंही येतात. म्हणून जागा बदलून, नवी बाटली फोडून पाच वेळा केलं. पाचही वेळा तेच. मग मात्र एकानं साताऱ्याहून कंदी पेढे आणले आणि सगळ्या मजल्यावर वाटले. त्यानंतर मेंदू मृत झालेल्या दात्याच्या स्वादुपिंडातल्या मानवी पेशी मिळायला अकरा महिने लागले. त्या आल्या, रेणू दिला, आणि काहीच झालं नाही. एकही पेशी हलली नाही.

कारण नंतर उमगलं, आणि आता ते उघडच वाटतं. आयएनएस-१ या पेशी रॅटच्या, म्हणजे मोठ्या उंदराच्या, ट्यूमरच्या गाठीपासून बनवलेल्या. गाठीतल्या पेशीचा ब्रेक मुळातच सुटलेला असतो. आम्ही सुटलेल्या गाडीला धक्का देऊन ती पळाली म्हणून आनंदलो होतो. त्या दिवसापासून कुठलाही आकडा दिसला की मी आधी विचारते, कुणाच्या पेशी, कुणाच्या अंगात, किती दिवस?

तुमच्या सातशे टक्क्यांनाही तेच विचारू. पेशी कुणाच्या? माणसाच्या, दात्यांकडून आलेल्या. ही मोठीच गोष्ट आहे, कारण इथंच आमच्यासारखे शेकडो गट अडले होते. अंग कुणाचं? उंदराचं. तेही प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदराचं, नाहीतर माणसाची पेशी त्यानं फेकूनच दिली असती. मानवी पेशींची बेटं, म्हणजे पुंजके, त्याच्या मूत्रपिंडाच्या आवरणाखाली बसवली आणि छोट्या पंपातून हार्मिन दिलं. हार्मिन एकटं नव्हतं. सोबत एक्सेनडिन-४ होतं, इन्सुलिन वाढवणाऱ्या जीएलपी-१ संप्रेरकाच्या कुळातलं औषध. किती दिवस? तीन महिने. तेवढ्यात मानवी बीटा पेशींचं एकूण वस्तुमान चौपट ते सातपट झालं आणि उंदरांची साखर उतरली. हे काम माउंट सायनाय आणि कॅलिफोर्नियातल्या सिटी ऑफ होप या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलं. मी ते तीनदा वाचलं. काम नेटकं आहे, आणि मला मनापासून आनंद झाला. जिवंत प्राण्याच्या अंगात माणसाच्या प्रौढ बीटा पेशी औषधानं एवढ्या वाढलेल्या मी तोवर पाहिल्या नव्हत्या.

आता काढेवाल्याच्या बिया आणि हे औषध यात किती अंतर आहे ते बघा. बियांत हार्मिनसोबत हार्मलीन आणि इतर अल्कलॉइड असतात, आणि प्रत्येक मुठीत त्यांचं प्रमाण वेगळं. हार्मिन मेंदूतल्या मोनोअमीन ऑक्सिडेज या विकरालाही अडवतं. त्यातून मळमळ, थरथर, चक्कर, भास होतात. नैराश्याच्या काही गोळ्या चालू असतील तर जिवाशी खेळ होतो. गर्भपातासाठी ह्या बिया वापरल्या गेल्यात, त्यामुळं घरातल्या बायकांच्या हाती लागू देऊ नका. निरोगी स्वयंसेवकांना शुद्ध हार्मिनचा एकेक डोस देऊन चाचणी झाली, तेव्हा डोस वाढवल्यावर तिथंही मळमळ आणि उलट्याच आडव्या आल्या. प्रयोगशाळेतलं मोजून-मापून दिलेलं हार्मिनच असं वागतं, तर नऊ वर्षांच्या पोरीला अंदाजानं काढा कसा द्यायचा?

पण समजा उलट्या थांबवणारा सुधारित रेणू मिळाला. तरी दोन अडचणी राहतात, आणि त्या तुम्हाला माझ्यापेक्षा चांगल्या कळतील.

ऑक्टोबर छाटणीनंतर तुम्ही द्राक्षवेलीचे डोळे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावता. कुठं लावता? हव्या त्या डोळ्यांवर, हातमोजे घालून. ते अख्ख्या वेलीवर ओतलं, मुळाशी सोडलं, तर काय होईल हे मी सांगायला नको. बीटा पेशीसाठी, फक्त हव्या तिथंच औषध लावणारा असा फडका अजून कुणाकडं नाही. गोळी गिळली की औषध रक्तातून सगळीकडं जातं, आणि डीवायआरके१ए मेंदूसह शरीरात अनेक ठिकाणी काम करतं. वाढीचा ब्रेक नको तिथंही सुटला तर त्याचं नाव काय होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून आज या क्षेत्रातली खरी धडपड औषध फक्त बीटा पेशीपर्यंत नेण्याची आहे. एक युक्ती मला फार आवडते. बीटा पेशीत जस्त खच्चून भरलेलं असतं, कारण इन्सुलिनचे कण जस्ताभोवती बांधून ठेवलेले असतात. तर औषधाला जस्त पकडणारी शेपटी जोडायची, म्हणजे ते आपोआप तिथंच साठेल. अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये यावर काम झालंय. अजून ते औषधाच्या दुकानापर्यंत पोचायला पुष्कळ अवकाश आहे.

दुसरी अडचण तुमच्या मुलीच्या बाबतीत जास्त महत्त्वाची. तिच्या पेशी आपोआप कमी झाल्या नाहीत, तिच्याच प्रतिकारशक्तीनं त्या मारल्या. ती यंत्रणा अजून जागी आहे. बागेत डावणीची बुरशी असताना खतपाणी देऊन कोवळी फूट काढली तर फावतं कुणाचं? डावणीचंच. तसंच इथं. पेशी वाढवणारं औषध एकटं दिलं तर नवी फूटही मारली जाईल. म्हणून टाइप १ मध्ये वाढीचं औषध आणि संरक्षणाचं औषध जोडीनंच लागणार. उंदराच्या त्या प्रयोगात ही बाजू तपासलीच गेली नव्हती. तपासता येणारच नव्हती, कारण त्या उंदरांना प्रतिकारशक्तीच नव्हती. बातमी लिहिणाऱ्यानं हे एक वाक्य टाकलं असतं तर तुमचा आठवडा काळजीत गेला नसता.

संरक्षणाच्या बाजूनं मात्र खरी पावलं पडलीत. टेप्लिझुमॅब हे औषध अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मंजूर झालं. रक्तात स्वतःच्याच बीटा पेशींविरुद्धची प्रतिपिंडं सापडलीत, साखर बिघडू लागलीय, पण आजार अजून उघड झालेला नाही, अशांमध्ये ते आजाराची सुरुवात साधारण दोन वर्षं पुढं ढकलतं. दोन वर्षं कमी वाटतील. आठ वर्षांच्या मुलाला इंजेक्शनाशिवाय दहाव्या वर्षापर्यंत जाता आलं तर ते किती मोठं आहे, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार? ब्लडप्रेशरची जुनी, स्वस्त वेरापामिल गोळी नुकतंच निदान झालेल्या मुलांना देऊन पाहिली. वर्षअखेर त्यांचं स्वतःचं इन्सुलिन, म्हणजे त्याची खूण असलेलं सी-पेप्टाइड, न घेतलेल्या मुलांपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त होतं. हा निकाल २०२३ चा. पण ही मुलं निदानानंतर लगेच औषधावर घेतलेली होती. तीन वर्षं झालेल्या मुलीला ते लागू पडेल, असं यावरून म्हणता येत नाही. स्वतःच्या मनानं तर मुळीच सुरू करू नका, ते हृदयाचं औषध आहे.

आशेच्या बातम्या कशा उठतात आणि कशा बसतात, याची एक खरी हकिगत सांगते. डग्लस मेल्टन हे या क्षेत्रातले फार मोठे संशोधक, तेव्हा हार्वर्डमध्ये होते. त्यांच्या दोन्ही मुलांना टाइप १ आहे. २०१३ मध्ये त्यांच्या गटानं बीटाट्रोफिन नावाचं संप्रेरक उंदराच्या बीटा पेशी कित्येक पट वाढवतं असं जाहीर केलं. जगभर मथळे झाले, आम्हीही चालू काम बाजूला ठेवून त्यामागं लागलो. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटानं दाखवलं, की त्याचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या बीटा पेशी अगदी ठीक असतात. मेल्टन यांनी काय केलं? पुन्हा, जास्त उंदीर घेऊन, कोणत्या उंदराला काय दिलंय हे मोजणाऱ्याला न कळू देता प्रयोग केले. निकाल उलटा आला. तो त्यांनी स्वतः छापला आणि मूळ शोधनिबंध मागं घेतला. ज्या बापाच्या घरात दोन मुलं रोज इन्सुलिन घेतात, त्यानं हे केलं. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा प्रसंग दरवर्षी सांगते. मलेरियाच्या आर्टेमिसिनिन गटातल्या औषधांनी ग्लुकागॉन (साखर वाढवणारं संप्रेरक) बनवणाऱ्या अल्फा पेशी बीटा बनतात, हा २०१६-१७ चा गाजलेला दावाही दुसऱ्या प्रयोगशाळांत टिकला नाही.

मेल्टन तिथं थांबले नाहीत. शरीरात पेशी वाढवण्याऐवजी त्यांनी मूळ पेशींपासून (स्टेम सेलपासून) बीटा पेशी बाहेर भांड्यात वाढवायला घेतल्या, आणि २०१४ मध्ये ते भरपूर प्रमाणात जमलं. त्याच वाटेनं पुढं व्हर्टेक्स कंपनीचं झिमिस्लेसेल हे पेशी-उपचार आले. जून २०२५ मध्ये छापलेल्या निकालात पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जण वर्षभरानंतर इन्सुलिनशिवाय होते. हा आकडा उंदरांचा नाही, माणसांचा आहे. पण नव्या पेशी टिकाव्यात म्हणून या माणसांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, जंतुसंसर्गाचा धोका त्यातूनच येतो. ज्यांची साखर कळायच्या आत धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते अशा मोठ्या माणसांसाठी हा सौदा परवडतो. धडधाकट नऊ वर्षांच्या मुलीसाठी आज नाही. स्वीडनमध्ये उप्पसालाला एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत जनुकं बदललेल्या पेशी बसवल्या, प्रतिकारशक्तीला दिसू नयेत अशा. दाबणारी औषधं न देता त्या टिकल्या आणि इन्सुलिन बनवू लागल्या. मात्रा लहान होती, त्यामुळं इंजेक्शनं सुटली नाहीत. तरी तुमच्या लेकीसाठी मी कुठल्या वाटेकडं डोळे लावून बसले असेन तर ती ही.

याच नावावर आपल्याकडं स्टेम सेलचं इंजेक्शन लाखो रुपयांना विकणारे भेटतील. डायबेटीससाठी असा कुठलाही उपचार आपल्याकडं मान्य नाही, चाचणीतच देता येतो, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागितले की उठून या.

आता वडिलांचं. त्यांचा टाइप २ असणार, तिथली गोष्ट निराळी. इंग्लंडच्या मोठ्या अभ्यासातून दिसलंय, की टाइप २ चं निदान होतं तेव्हाच बीटा पेशींची निम्मी ताकद गेलेली असते. पण तिथं सगळ्या पेशी मेलेल्या नसतात. कित्येक थकून आपलं कामच विसरतात, बीटा असल्याची ओळखच टाकून देतात. भार हलका केला तर त्यातल्या काही परत कामाला लागतात. ब्रिटनच्या डायरेक्ट चाचणीत मोजक्या उष्मांकांचा आहार देऊन वजन उतरवलं, तेव्हा वर्षाअखेर ४६ टक्के लोक औषधांशिवाय मधुमेहमुक्त पातळीवर होते. मात्र त्यात आजार सहा वर्षांच्या आतला असलेलेच लोक घेतले होते, आणि सगळे वजनदार होते. तुमचे वडील बारा वर्षांचे जुने रुग्ण. शिवाय आपली माणसं पुष्कळदा अंगानं किडकिडीतच असतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक कित्येक वर्षं हेच दाखवत आलेत: आपल्याकडच्या तरुण मधुमेहींत इन्सुलिनच कमी पडणाऱ्यांचा गट मोठा आहे, आणि त्याची मुळं आईच्या पोटातल्या कुपोषणापर्यंत जातात. वडील सडपातळ असतील तर 'वजन उतरवा' हा सल्ला डोळे मिटून घेऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा. काढा त्यांनाही नको. त्यांच्या इतर गोळ्यांशी त्याचं काय होईल हे कुणीच मोजलेलं नाही.

राहिला तुमच्या लेकीचा प्रश्न. मला आलेल्या सगळ्या प्रश्नांत हा सर्वांत चांगला आहे, आणि त्याचं उत्तर तिला खरं द्या. बहुतेक मेल्यात. पण सगळ्या मेल्या असतील असं नाही. अमेरिकेत बॉस्टनच्या जॉस्लिन केंद्रानं ५० वर्षांहून जास्त काळ टाइप १ सोबत जगलेल्या लोकांना तपासलं. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या रक्तात अजून थोडं स्वतःचं इन्सुलिन होतं, आणि मृत्यूनंतर दान केलेल्या स्वादुपिंडांत बीटा पेशी सापडल्या. पन्नास वर्षांनंतर! त्या लपून वाचल्या की नव्यानं फुटत राहिल्या आणि मरत राहिल्या, यावर आमच्या लोकांत अजून वाद चालू आहे. ब्रेक सोडणाऱ्या औषधाला उद्या काही धरायला मिळालं, तर ते याच मूठभर पेशींना मिळेल. आणि साखर सतत चढी राहिली की सर्वांत आधी याच दमतात. म्हणून आज देताय ते इन्सुलिन त्या पेशींचं औषधही आहे. भार इन्सुलिन उचलतंय, तोवर त्यांना जरा विसावा.

तिच्यात किती शिल्लक आहेत याचा अंदाज घेता येतो. डॉक्टरांना सी-पेप्टाइड तपासणीबद्दल विचारा. नुसतं उपाशीपोटी करण्यापेक्षा जेवणानंतर केलेली जास्त सांगते, आणि त्याच वेळची रक्तशर्करा त्याच नळीसोबत मोजून घ्या, नाहीतर आकड्याला अर्थ राहत नाही. साखर फार खाली असताना केलं तर सी-पेप्टाइड उगाच कमी दिसतं. आकडा शून्याजवळ आला तर घाबरू नका, त्यानं आजच्या उपचारात काही बदलत नाही. थोडा जरी आला तरी तो कागद जपून ठेवा, पुढं कुठल्या चाचणीत नाव घालायची वेळ आली तर पहिल्यांदा तोच मागतील. रिपोर्ट हातात आला की सांगलीला विश्रामबागेत माझ्या घरी या. पोरीलाही घेऊन या. माझ्याकडं मानवी बीटा पेशींचे रंगवलेले जुने फोटो आहेत, इन्सुलिन हिरवं आणि विभागणारी पेशी लाल. तिला ते बघायला आवडतील.